आजारी मुलांची वेगळी जागा

लग्न होऊन मी मुळशीत आले तेव्हा नवरा शिक्षक आहे एवढंच मला सांगितलं होतं. त्याच्याबरोबर शाळेतली आजारी मुलंही पदरात पडणार आहेत, हे बैठकीत कुणी बोललं नव्हतं.

धरणाच्या पाण्याकाठी दोन खणांची शाळा, आणि तिच्या मागच्या पडवीत आमचा संसार. मधे एक दार. त्या दारातून सकाळपासून पाढे, कविता आणि खडूची धूळ माझ्या स्वयंपाकात येत असे. मी पुण्यात वाढलेली, एकोणीस वर्षांची, जिभेला जरा जास्तच धार असलेली मुलगी. पहिल्याच महिन्यात मी यांना विचारलं होतं, की आपण शाळेत राहतो की शाळा आपल्यात राहते. हे हसले. उत्तर द्यायचं नसलं की हे हसत.

मग एकदा दिपोटी आले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला गावात दिपोटी म्हणत. त्या वर्षी खालच्या गावांतून डांग्या खोकला फिरून गेला होता, त्यामुळे साहेबांच्या डोक्यात आरोग्य होतं. त्यांनी पाण्याचा माठ पाहिला, पोरांची नखं पाहिली आणि विचारलं, "आजारी मुलांसाठी वेगळी जागा आहे का?"

"आहे," हे म्हणाले.

"कुठं?"

यांनी मधल्या दाराकडे बोट केलं. मी तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होते. साहेबांनी दारातून डोकावलं, मान डोलावली आणि गेले. त्या दिवसापासून आजारी मुलांची वेगळी जागा म्हणजे मी.

साहेबांचा नियम सरळ होता. आजारी मूल वर्गात बसवायचं नाही. त्याला लगेच घरी पाठवायचं, पाठवेपर्यंत वेगळं ठेवायचं, आणि खडखडीत बरं झाल्याशिवाय परत घ्यायचं नाही. नियमात खोट काढायला जागा नव्हती. फक्त तो करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जी शाळा असेल, तिच्यातली मुलं चालत घरी जात असणार. आमची निम्मी मुलं पाण्यापलीकडून होडीनं येत. होडी सकाळी मुलं सोडून जाई ती संध्याकाळी परत येई. पलीकडचं पोर सकाळी दहाला तापलं, तर संध्याकाळपर्यंत ते माझं.

बहुतेक आजार सोपे असत. पाढ्यांची वेळ झाली की चौथीतल्या दोघांची पोटं हमखास दुखत. सुंठीचा कडक काढा पुढे केला की त्यांना पाढे गोड लागत. डोळे आलेली पोरं, नायटे झालेली पोरं, काटा रुतून पाय सुजलेली पोरं, सगळी माझ्या चुलीशेजारच्या घोंगडीवर येऊन बसत. मी कुरकुर करत असे, पण खरं सांगायचं तर मला सोबत होत असे. त्या गावात माझ्याशी बोलायला दुसरं होतंच कोण.

त्यांत एक पलीकडची पोर होती, सात-आठ वर्षांची. ती आजारी नसतानाही येई. दाराच्या चौकटीत उभी राहून माझा स्वयंपाक पाही आणि चुका काढी. "बाई, तांदूळ आसा न्हाई धूत, सगळं सत्त्व जातंय," असं एकदा मला म्हणाली. मी म्हटलं, मग तूच धू. तर ती खरंच बाह्या सावरून बसली. तिचा बाप ताम्हिणीच्या अंगाला कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला होता, महिने महिने घरी येत नसे. घरी आई, म्हातारी आजी आणि अंगावर पिणारा धाकटा भाऊ. सगळं तिच्याच तोंडून कळलेलं. घरात काय शिजलं इथपासून आजी कुणाला काय बोलली इथपर्यंत सगळी वार्ता ती मला सकाळी आणून देई, आणि माझी वार्ता संध्याकाळी तिकडे पोहोचवत असणार, यात मला शंका नाही.

फाल्गुनातला दिवस होता. त्या दिवशी ती आपण होऊन आली नाही, यांनी हाताला धरून आणली. डोळे लाल, नाक वाहतंय, अंग चटका बसावा असं तापलेलं. मी तिला घोंगडीवर निजवलं. दुपारी पाहते तर कानामागे आणि मानेवर पुरळ. लहानपणी मला आणि यांनाही गोवर येऊन गेला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही, आणि भीतीही वाटली नाही. गोवर काय, येतो आणि जातो. संध्याकाळी होडी आली की आईच्या ताब्यात द्यायची, एवढाच माझा विचार होता.

होडी आली. नावाड्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, वल्हं आत ओढून घेतलं आणि उभा राहिला.

"हिला न्हाई न्हेता येनार, मास्तर."

"का?"

"बया आलीया."

तिकडे गोवराला गोवर म्हणत नसत. देवीच अंगात उतरली असं मानत, तिला बया म्हणत, आणि ती जाईपर्यंत घरात तिचं सोवळं पाळत. हे मला ऐकून माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"बयेला पान्यावरनं न्हेत न्हाईत," नावाडी म्हणाला. "जितं बसली तितंच ऱ्हाती. आपली आपन उठली, आंगुळ झाली, मंग न्हेऊ."

मी पुढे झाले. "सकाळी तुम्हीच तर आणलंत तिला."

"तवा दिसली न्हवती, बाई."

सकाळी तिच्या मांडीला मांडी लावून आलेली पोरं तोवर होडीत चढून बसलीसुद्धा होती. त्यांच्या अंगावर काही दिसत नव्हतं, त्यांना पाणी मोकळं होतं. हे म्हणाले, "मग मी वल्हवतो. तुम्ही इथं थांबा, मी तिला सोडून येतो."

"तुमी न्ह्याल, मास्तर. पर पल्याड उतरू कोन दील? तिच्या घरात तान्हं हाय. शेजारी दोन हायेत."

नावाडी खोटं बोलत नव्हता. तरी मी त्याच्यावर चिडले होते. साहेबांचा नियम आणि नावाड्याचा नियम दोन्ही एकच सांगत होते, आजारी पोर बाकीच्यांपासून लांब ठेवा. साहेबांच्या मते लांब म्हणजे घर, नावाड्याच्या मते लांब म्हणजे जिथं आहे तिथंच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तापानं फणफणलेली पोर.

ती रडली नाही. "मला आता न्हाई न्हेनार," ती मलाच समजावल्यासारखं म्हणाली. "बया गेल्यावर न्हेत्यात." पाणी शांत होतं. पाऊस असता तर पावसाला शिव्या देता आल्या असत्या. होडी पलीकडे टेकेपर्यंत ती काठावर उभी राहून पाहत होती. मग म्हणाली, "आय काठावर आली आसंल." मी तिला उचलून आत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली नाही. बया शाळेत बसली हे गावभर झालं होतं. सरपंच आले, चपला लांब काढून ठेवल्या, आणि पोरं धाडता येणार नाहीत असं यांना सांगून गेले. मग बाया आल्या. दाराला लिंबाचा डहाळा बांधला. फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, तव्यावर काही भाजायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही, असं मला बजावलं. दहीभात आणला, नारळ ठेवला, आणि उंबऱ्याबाहेरूनच तिला नमस्कार केला. "बया, थंड व्हा," म्हणाल्या. "लेकराला सांभाळा."

पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. "बाई, सरपंचीन माज्या पाया पडली," ती मला हळूच म्हणाली आणि तापातही हसली. चारच दिवसांपूर्वी आंब्याला दगड मारते म्हणून याच बाईनं तिला दम भरला होता. सगळं गाव तिच्यापुढे वाकत होतं. तिला उचलून तिच्या आईकडे नेणारं मात्र त्यांत कुणी नव्हतं.

हल्ली माझ्या नातवंडांच्या शाळेत आजारी मुलांची खोली आहे. पलंग आहे, तापमापक आहे, आणि पोरानं दोनदा शिंकलं तर घरी फोन येतो, घेऊन जा. आया हातातलं काम टाकून धावतात आणि वैतागतात. सून एकदा वैतागली तेव्हा मी म्हटलं, तुला जाता येतं ना, मग जा. तिला माझा स्वर खटकला असेल. मी खुलासा केला नाही.

त्या पोरीची आई आली ती सरपंच येऊन गेले त्याच संध्याकाळी. होडी काठाला न लागता जरा लांब पाण्यातच थांबली. आई होडीत उभी होती. मी पोरीला शालीत गुंडाळून काठावर आणलं. दोघींच्या मधे दहा-बारा हात पाणी असेल, तेही गुडघाभर.

"बया," आईनं हात जोडले, "बऱ्या हायेत न्हवं तुमी? काई चुकलं आसंल तर पदरात घ्या. लेकरू लहान हाय."

"आये, मी हाय," पोर म्हणाली.

"व्हय बया. लेकरावर राग धरू नगा."

"आये, माजं नाव घे की."

आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला, पण नाव घेतलं नाही. बया अंगात असताना लेकराला नावानं हाक मारायची नाही, अरेतुरे करायचं नाही, असा तिकडचा रिवाज. तसं केलं तर तिचा अपमान होतो, आणि अपमान झालेली बया लेकरू घेऊन जाते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला तिचा इतका राग आला, की मी ओरडलेच, "अहो, उतरा की खाली. पोर तुमचीच आहे ना?"

ती माझ्यावर रागावली नाही. "उतरले तर मलाबी माघारी न्हेनार न्हाईत, बाई. हिची बया उठस्तोवर हितंच ऱ्हावं लागंल. घरी धाकटं अंगावर पितंय. त्याला कोन पाजंल?"

माझ्या जिभेची धार त्या दिवशी गेली, ती फारशी परत आली नाही.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी येई. धाकट्याला पाजून, आजीपाशी निजवून, होडीत उभी राहून येई, हात जोडून बयेशी बोले आणि परत जाई. पोर दिवसभर त्या होडीची वाट पाही, आणि होडी आली की आईकडे एकच मागणं मागे. आई एकच उत्तर देई. होडी गेल्यावर पोर भिंतीकडे तोंड करून पडे. मी तिला कुशीत घेई, नावानं हाक मारी. मला बयेची भीती नव्हती. पण माझ्या तोंडून तिला ते नाव नको होतं.

मधेच एक दिवस दिपोटी उगवले. पुढच्या गावची शाळा तपासायला निघाले होते, वाटेत आमची बंद शाळा दिसली. दाराला लिंब, आत घोंगडीवर पोर. साहेब यांना म्हणाले, "मी काय सांगून गेलो होतो? आजारी मूल घरी गेलं पाहिजे."

हे त्यांना काठावर घेऊन गेले. नावाडी होडीतलं पाणी उपसत होता. साहेबांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. कायदा सांगितला, नोकरी नसलेल्या माणसाला नोकरी जाईल म्हणून सांगितलं. नावाड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि होडीतून उतरून बाजूला झाला. "न्ह्या सायेब तुमी. वल्हं आतच हाय."

साहेबांनी वल्ह्याकडे पाहिलं, पलीकडच्या काठाकडे पाहिलं. पलीकडे चार-दोन माणसं उभी होती. मग ते यांना म्हणाले, "बघा, लवकर काहीतरी करा," आणि निघून गेले. मला त्यांचं हसू आलं असतं, पण त्यांनी त्या नावाड्याला कसंतरी नमवावं असं मी मनातून देवाला सांगत होते, हेही खरं आहे.

पुरळ मावळू लागलं. ताप उतरला. पण तिचे डोळे चिकटत होते. मी कोमट पाण्यानं पापण्या सोडवत असे, तेव्हा उजेड सहन होत नसे. "दार लावा, बाई, चावतंय," म्हणून ती तोंड झाकून घेई. गोवरात डोळे येतातच, असं बायाही म्हणत होत्या. तरी हे पौडला गेले, दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. सगळ्या तालुक्यात गोवर होता, डॉक्टरांना येणं शक्य नव्हतं. बोरिक पावडर दिली, खोलीत अंधार ठेवा म्हणाले, दूध पाजा म्हणाले. आमच्याकडे दूध होतं ते पाजलं, अंधार होता तो ठेवला.

मग एका सकाळी मी डोळे धुवायला म्हणून दार उघडलं, आणि ती ओरडली नाही. ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं आणि ती शांत पडून होती. मला इतकं बरं वाटलं, की मी यांना हाक मारून सांगितलं, आज उतार आहे. पेजेची वाटी तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केला तो वाटीच्या बाजूनं गेला, परत आला, आणि बोटं पेजेत बुडाली.

मी तिच्या पापण्या वर केल्या. दोन्ही बुबुळांवर फूल पडलं होतं, पांढरं, सायीसारखं.

"बाई," ती म्हणाली, "बया गेली की दार उघडाल न्हवं?"

दार सताड उघडं होतं. मी हो म्हटलं. मागच्या अंगणात जाऊन यांना सांगितलं. हे या वेळी हसले नाहीत. त्याच दिवशी पुन्हा पौडला गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. पुण्याला न्या म्हणाले, पण फार आशा ठेवू नका असंही म्हणाले. पुण्याला नेणार ते आईला विचारून, आणि आईला विचारायचं ते होडीतून ओरडून. संध्याकाळी ती आली, तेव्हा मी सांगायला म्हणून काठापर्यंत गेले. तिनं हात जोडले आणि विचारलं, "बया कवा उठतीया, बाई?" तिच्या तोंडावर इतकी आशा होती की माझ्याच्यानं तोंड उघडलं नाही. उद्या होडीतून उतरेल, शेजारी बसवून सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बायांनी तिला बघून बया उठली असं सांगितलं. लिंबाचा पाला टाकून पाणी तापवलं, तिला न्हाऊ घातलं, माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला. दाराचा डहाळा काढून पाण्यात सोडला. पोर खुशीत होती. "आज नाव घील ती," असं प्रत्येक बाईला सांगत होती. बाया तिच्या डोळ्यांकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, आणि कामाला लागत. बयेनं काय नेलं आणि काय ठेवलं, यावर तिथं बोलायची पद्धत नव्हती.

मी तिला हाताला धरून काठावर घेऊन आले. बाहेर आल्यावर ती एकदा थांबली, तोंड वर केलं. "ऊन हाय," म्हणाली. "आन अंधार बी हाय." मी तिचा हात घट्ट धरला.

या वेळी होडी थेट काठाला लागली. आईनं ती थांबायचीही वाट पाहिली नाही, लुगडं ओलं करत पाण्यातूनच धावत आली आणि पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. तिनं लेकीला नावानं हाक मारली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. इतके दिवस साठलेलं ते एकच नाव ती हसत, रडत घेत राहिली. पोरीचं तोंड फुललं. तिनं दोन्ही हात पसरले आणि ते आईच्या डाव्या बाजूला, मोकळ्या काठाकडे गेले.

"आये, कुटं हायस गं?"

"हितं की, तुज्या म्होरंच," आई म्हणाली, आणि हसतच माझ्याकडे वळून पाहू लागली, मी काहीतरी सांगेन म्हणून.